कडं काढून ठेवलेला शनी

"कडं काढून ठेवलंय वाटतं," आई म्हणाली आणि दुर्बिणीपासून डोळा बाजूला केला.

आम्ही सगळे हसलो. मी, भाची सई, मामेभाऊ, शेतावरचा गडी. आई हसली की नाही ते अंधारात दिसलं नाही. २०२५च्या नोव्हेंबरातली ही गोष्ट, २२ तारखेची, आणि वार नेमका शनिवार. अमावास्या होऊन दोन दिवस झाले होते, बीजेची कोर सूर्यामागोमाग कधीच डोंगराआड गेली होती. भोरच्या पुढे मामेभावाचं शेत आहे. भाताची कापणी उरकून खाचरं मोकळी झालेली, पायाखाली धसकटं टोचत होती, बांधावर रचलेल्या पेंढ्याला दव पडल्यावर येतो तो ओलसर गोड वास होता. लांब कुठंतरी देवळात लाउडस्पीकरवर भजन चाललं होतं, वाऱ्याबरोबर जवळ यायचं आणि लांब जायचं. माझी आठ इंची दुर्बीण खळ्यात मांडली होती आणि तिच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत, अंगाभोवती शाल आणि डोक्यावर पदर घेऊन, ७५ वर्षांची माझी आई बसली होती.

तिचं ते वाक्य मी त्या रात्री विनोद म्हणूनच घेतलं. परतताना गाडीत दोनदा आठवलं, दोनदा हसू आलं. घरी पोचल्यावर तिला हाताला धरून जिना चढवताना माझा हात तिच्या मनगटाला लागला. मग काही हसू आलं नाही.

गेली पंधराएक वर्षं मी हौसेनं लोकांना आकाश दाखवतो. सोसायट्यांच्या गच्च्या, शाळांची मैदानं, लग्नाआधीच्या रात्री हॉलच्या मागचं पार्किंगसुद्धा. चंद्र बघून लोक खूश होतात, गुरूचे चार चंद्र बघून मान डोलावतात, पण शनी बघितल्यावर माणूस एकदम लहान होतो. बहुतेकांच्या तोंडून आधी नुसता 'अय्या' किंवा 'आयला' निघतो, आणि मग दहातला एक जण तरी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाशी जाऊन आत चित्र चिकटवलंय का ते बघून येतो. त्यांची चूक नाही. खऱ्या वस्तू इतक्या चित्रासारख्या दिसत नाहीत. मी शेकडो लोकांना तो दाखवला असेल. आईला मात्र कधीच नाही. बोलावलं नव्हतं असं नाही. ती यायची, चंद्र बघायची, शेंगदाणे सोलत बसायची, आणि शनीची पाळी आली की उठून आत जायची. त्याच्या नजरेला नजर द्यायची नसते. देवळातसुद्धा त्याच्या थेट समोर उभं राहायचं नाही, जरा बाजूला सरून हात जोडायचे. या बाबतीत तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तरी मी सोळाव्या वर्षी घातला होता, त्याच्याकडे येतो.

या वर्षी तीच म्हणाली, "येते." तिची मेष रास. २९ मार्चला शनी मीनेत आला आणि तिची साडेसाती सुरू झाली. "आता आलाच आहे माझ्याकडे, तर बघून तरी घेते," असं तिचं म्हणणं, दारात आलेल्या पाहुण्याला पाणी विचारावं अशा सुरात. आणि गंमत बघा, पंधरा वर्षांत नाही म्हणणाऱ्या बाईनं होकार दिला तो नेमका कडी दिसत नाहीत त्या वर्षी. मला हे माहीत होतं. शनीचा आस जवळजवळ २७ अंशांनी कललेला आहे, कडी त्याच्या विषुववृत्ताच्या पातळीत आहेत, त्यामुळे त्याच्या एका प्रदक्षिणेत दोनदा ती आपल्याला अगदी कडेवरून दिसतात, म्हणजे दिसेनाशी होतात. २३ मार्चला तसं झालं, पण तेव्हा शनी सूर्याच्या इतका जवळ होता की कुणाला बघताच आला नाही. मग ती जराशी उघडली आणि नोव्हेंबरअखेर पुन्हा जवळजवळ मिटली. पुढच्या वर्षीपर्यंत थांबू या असं तिला सांगायला हवं होतं. पण हो म्हणालेल्या आईला 'पुढच्या वर्षी' म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

सईचे प्रश्न गाडीतच सुरू झाले होते. ती नऊ वर्षांची आहे. शनीवर उतरता येतं का? नाही, उतरायला जमीनच नाही. हायड्रोजन आणि हेलियम, वर अमोनियाचे ढग, आत जावं तसा दाब वाढत जातो, यान चुरगळून जाईल. मग कुणी गेलंच नाही? गेलं की, कॅसिनी नावाचं यान तेरा वर्षं त्याच्याभोवती फिरलं आणि इंधन संपत आल्यावर, २०१७च्या १५ सप्टेंबरला, त्याला मुद्दाम शनीच्या ढगांत लोटून जाळून टाकलं. का? कारण त्याच्या एन्सेलॅडस नावाच्या एका बर्फाळ चंद्रावर, कवचाखाली, पाण्याचा समुद्र आहे. भेगांमधून फवारे उडतात. आपलं यान चुकून तिथं आपटलं आणि त्याच्यावरचे आपले जंतू तिथं पोचले तर? सईला हे फार पटलं. "म्हणजे सोवळं," आई मागच्या सीटवरून म्हणाली. मला आजवर एन्सेलॅडसबद्दल यापेक्षा नेमका शब्द सापडलेला नाही.

चंद्र किती? मी शाळेत असताना पुस्तकांत अठरा होते. २०२५च्या मार्चमध्ये एका दमात १२८ नवे जाहीर झाले आणि आकडा २७४ वर गेला. बरेचसे नुसते धोंडे, दोन-चार किलोमीटरचे. "एवढ्यांची नावं कुणाला पाठ होणार," आई म्हणाली. तिला नावं महत्त्वाची वाटतात. यम त्याचा भाऊ, यमुना आणि तापी बहिणी, छाया आई, हे सगळं घरातल्या माणसांसारखं तिला पाठ आहे.

आणि मग तो सगळ्यांचा लाडका प्रश्न: शनी पाण्यावर तरंगेल हे खरं का? त्याची सरासरी घनता पाण्याच्या सुमारे सात दशांश भरते, त्या हिशेबानं तरंगेल. अर्थात तेवढी बादली कुठून आणणार, आणि आणली तरी वायूचा गोळा फळासारखा बादलीत टाकता येत नाही. आईनं विचारलं, "आणि तेलावर?" मी गाडी चालवता चालवता हिशेब केला. तेल पाण्याहून हलकं, पण शनी त्याहूनही हलका. "तेलावर पण तरंगेल." "पुरीसारखा," ती म्हणाली, आणि खूप वेळ खिडकीबाहेर बघत बसली. जन्मभर दर शनिवारी तिनं वाटीतून नेऊन वाहिलेलं तेल तिच्या डोळ्यांपुढं आलं असेल का, मला माहीत नाही. माझ्या डोळ्यांपुढं आलं.

खुर्चीत बसल्यावर तिनं आधी चष्मा काढला, मग पदर नीट केला. दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू झालेला, आत भिंगं बसवलेली. म्हणजे आरसा, दुर्बिणीचं भिंग, आणि मग तिच्या डोळ्यातलं भिंग, एवढ्यांतून तो पार होऊन तिच्यापर्यंत येणार होता. डोळा लावल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मी अस्वस्थ होऊन विचारलं, दिसतोय का? "दिसतोय. पिवळा आहे." मग जरा थांबून, "काळा नाही." स्तोत्रात तो काजळासारखा निळा-काळा, देवळात तेलानं काळाकुळीत, शिंगणापूरला उघड्यावर उभी ती काळी शिळा. आणि इथं समोर हळदीचं बोट पुसट लागलेल्या ताकासारखा एक थेंब. दोन्ही बाजूंना सुई आरपार खुपसावी तशी एक रेघ, तीही हवा स्थिर झाली की क्षणभर दिसायची. एका अंगाला टायटन या त्याच्या चंद्राचा ठिपका. "फोटोत असतं ते कुठंय?" तिनं विचारलं. मी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली ते वाक्य.

सईसाठी मी घरातून जेवणाचं ताट आणवलं. टॉर्चच्या उजेडात तिच्या डोळ्यांपुढं ते आधी तिरकं धरलं, मग अगदी आडवं, कडेवर. ताट गेलं, रेघ उरली. आता कल्पना कर, म्हटलं, हे ताट अडीच लाखांहून जास्त किलोमीटर रुंद आहे आणि जाड किती, तर बऱ्याच ठिकाणी जेमतेम दहा मीटर. तीन मजली इमारतीएवढं. झेरॉक्सच्या एका कागदाच्या जाडीएवढं ते पातळ केलं तर शनिवारवाड्यापासून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत पसरेल. सगळा बर्फच, कणापासून घराएवढ्या ढेकळांपर्यंत, प्रत्येक ढेकूळ आपापलं सुटं फिरणारं. एखादा चंद्र फुटून ते झालं असावं असं म्हणतात. कधी झालं यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण आहे, पण काहींच्या मते अगदी अलीकडे, म्हणजे दहाएक कोटी वर्षांपूर्वी. आणि त्यातला बर्फ सतत पावसासारखा शनीवर गळतोय, त्यामुळे काही कोटी वर्षांनी ते उरणारही नाही. सई एवढंच म्हणाली, "मग आजीला आधीच दाखवायचं ना."

कडी हरवलेली बघून चक्रावणारी आई काही पहिली नव्हे. १६१० मध्ये गॅलिलिओनं आपल्या छोट्या दुर्बिणीतून शनी बघितला तेव्हा त्याला मधे एक मोठा आणि दोन्ही बाजूंना एकेक छोटा असे तीन गोळे दिसले. दोन वर्षांनी बघतो तो बाजूचे दोघं गायब. त्यानं पत्रात विचारलं, की शनीनं आपली मुलं खाल्ली की काय? त्यांच्याकडच्या पुराणातला शनी मुलं खायचा. म्हणजे दुर्बिणीतून आकाश बघणाऱ्यांचा बाप मानला जाणारा माणूससुद्धा अडचणीत आल्यावर पोथीकडेच वळला, हे वाचल्यापासून मला तो जास्त जवळचा वाटतो. ते कडं आहे, ग्रहाला कुठंही न टेकलेलं, हे हॉयगेन्स नावाच्या डच शास्त्रज्ञानं १६५९ मध्ये छापून सांगितलं तेव्हा गॅलिलिओ जाऊन सतरा वर्षं झाली होती.

आता तो वाद.

आईची आधीची साडेसाती १९९६च्या फेब्रुवारीत लागली. मला ही तारीख पाठ आहे कारण घरात ती दिवाळीसारखी बोलली जायची. पुढच्याच वर्षी बाबांची कंपनी बंद पडली. आम्ही चिंचवडला राहायचो. आमच्या चाळीत त्या काळात सकाळी डबा न घेता घराबाहेर पडणारे बाप बरेच होते, कुठं जातो ते कुणी कुणाला विचारायचं नाही. आई शनिवारी संध्याकाळी पोथी वाचायची. विक्रम राजा शनीला हसतो आणि मग त्याचं राज्य जातं, भिंतीवरच्या चित्रातला हंस हार गिळतो आणि चोरीचा आळ राजावर येतो, हातपाय तोडतात, तेल्याच्या घाण्यावर बसून दिवस काढतो. लहानपणी मला त्या हंसाची भीती वाटायची. चित्रातला पक्षी खरा हार गिळतो आणि कुणाला सांगून पटत नाही. सोळाव्या वर्षी मात्र मला राग यायला लागला होता. ऑक्टोबरात कॅसिनी सुटलं, पेपरात छोटी बातमी आली, मी ती कापून कपाटाच्या दारावर चिकटवली. शेजारी मारुतीचं कॅलेंडर. एका शनिवारी वाचन चालू असताना मी म्हणालो, "हायड्रोजनचा गोळा आहे तो. त्याला बाबांची कंपनी कुठं आहे ते तरी माहितीय का?" आई थांबली. पोथीवर बोट ठेवून, ओळ चुकू नये म्हणून, तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नसेल माहिती. पण साडेसात वर्षांनी जातो, हे तर खरं ना?" मग पुढची ओवी.

त्याच दिवाळीआधी तिच्या पाटल्या गेल्या. मी मोरीच्या दाराशी उभा होतो. लग्नापासून कधी काढल्या नव्हत्या, हात भरलेले, निघेनात. तिनं मनगटाला साबण लावला, अंगठा आत दुमडला आणि दात ओठांवर ठेवून एकेक ओढून काढली. तांबडा साबण, त्याचा फेस, आणि खाली मनगटावर उजळ कातडीचे दोन पट्टे. पाण्यानं धुऊन, पदरानं पुसून तिनं त्या रुमालात बांधून बाबांकडे दिल्या. बाबांनी रुमाल उघडून बघितला नाही.

तिच्या त्या उत्तराचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी कळला. शनीला एक प्रदक्षिणा करायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशी, म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षं, तीन राशींत साडेसात. भीतीचा भाग बाजूला ठेवला तर हे शुद्ध आणि बरोबर खगोलशास्त्र आहे. कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या रात्री उघड्या डोळ्यांनी बघत बसल्याशिवाय हा आकडा हाती लागत नाही. शनैश्चर, सावकाश चालणारा. बंद पडलेल्या कंपनीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला 'हे कधी संपेल' याचं उत्तर तेव्हा युनियन देत नव्हती, मालक देत नव्हता, सरकार देत नव्हतं. एक हा देत होता. उत्तर चुकीच्या प्रश्नाचं असेल, मी अजूनही तसंच मानतो. पण त्या घरात दुसरं कुठलंच उत्तर नव्हतं, आणि मी बातमीचं कात्रण दाखवत होतो.

२००८ साली मी तिला पाटल्या करून दिल्या. पहिल्यांपेक्षा जराशा हलक्या. तिनं सहा वर्षं घातल्या. बाबा गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्या डब्यात ठेवून माझ्याकडे आणून दिल्या, बँकेत ठेव म्हणाली. कुणी तिला काढायला सांगितलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी उलट घाल म्हणून सांगितलं, बहीण रडली, भांडली. "आता कशाला," एवढंच. या वेळी साबण लागला नाही, हात वाळले होते.

जिना चढवताना हाताला लागलं ते हे मनगट. मोकळं, थंडीनं गार पडलेलं, वरची कातडी कागदासारखी सुटी.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी कॉम्प्युटर उघडून शनीची मागची-पुढची वर्षं बघत बसलो. एक गोष्ट आजवर माझ्या ध्यानात आली नव्हती. कडी दिसेनाशी झाली २३ मार्च २०२५ला, आणि सहा दिवसांनी शनी मीनेत. त्याआधी या जागी असाच प्रकार झाला फेब्रुवारी १९९६ मध्ये, तेव्हाही शनी त्याच महिन्यात मीनेत आला होता. तो त्याच जागी परत येतो, त्यामुळे कडीही त्याच जागी मिटतात, आणि ती जागा कुंभ-मीनेच्या सीमेवर पडते. निव्वळ योगायोग. पण मेष राशीच्या माणसाची साडेसाती लागते तेव्हा शनीनं कडं उतरवलेलं असतं. आणि साडेसात वर्षं म्हणजे त्याच्या प्रदक्षिणेचा बरोबर चतकोर. शून्यापासून चतकोर गेलं की कडी पूर्ण कलतात, सर्वांत रुंद, सर्वांत देखणी दिसतात. २०३२च्या सुमारास. आईची साडेसाती संपते तेव्हा. १९९६ ते २००२-०३ पण हेच घडलं असणार: इकडे बाबांना एका गोडाउनवर हिशेबनिसाची नोकरी लागली, माझं शिक्षण संपत आलं, आणि वर कुणाचं लक्ष नसताना तो एकेक अंश उघडत गेला. मी हे वाचून उठलो, पाणी प्यायलो. राशीभविष्य न मानणाऱ्या माणसाला असला हिशेब जमल्यावर जो ओशाळा आनंद होतो तो मला झाला, आणि तो कुणाला सांगावा ते कळेना. २०३२ साली ती ८२ची असेल.

शेतावरचं अजून एक राहिलं. निघायच्या आधी तिनं पुन्हा एकदा डोळा लावला होता. मी म्हणालो, आता दिसतोय तो सव्वा तासापूर्वीचा शनी आहे, प्रकाशाला यायला तेवढा वेळ लागतो. आपण हायवेला चहा घेत होतो तेव्हा निघालेला उजेड. ती डोळा न काढता म्हणाली, "म्हणजे त्याची दृष्टी पण सव्वा तास उशिरा पोचत असेल." हो, म्हटलं, तोवर तू घरी जाऊन झोपलेली असशील. तेव्हा मात्र ती हसली, मी ऐकलं.

हिशेब मी तिला महिनाभर सांगितला नाही. सांगितला तेव्हा ती मेथी निवडत होती. २०३२ हा आकडा ऐकून तिनं नुसती मान हलवली. मग काड्या बाजूला सारत म्हणाली, "इतकी वर्षं कोण थांबतंय. पुढच्या दिवाळीनंतर ने परत. थोडंसं तरी घातलं असेल त्यानं तोवर."